रिकाम्या खोलीचा गारवा

मार्च संपायच्या आतच मुलीचं टुमणं सुरू झालं. फोन तर ती रोजच करते, पण आता दर फोनचा शेवट एकाच गोष्टीवर व्हायला लागला. "बाबा, यंदाचा उन्हाळा तिथं काढू नका. पुण्याला या. आणि आलात की परत जायचं नाव काढू नका." परभणीचं तापमान तिला रोज मोबाइलवर दिसतं म्हणे. मला जे अंगावर कळतं ते तिला तिकडे आकड्यात कळतं आणि आकडा बघून ती घाबरते. मी म्हणालो, "परभणीचं ऊन मला चांगलं ओळखतं." हे माझं ठेवणीतलं वाक्य आहे. तिची आई त्यावर म्हणायची, "वळखतंय तर तुमाला सावलीत बसा म्हणतंय का, ते बी बगा की." आता असं म्हणायला घरात कोणी नाही, त्यामुळे वाक्य आहे तसंच लोंबकळत राहिलं.

बायको मागच्या पावसाळ्यात गेली. तिच्याशिवायचा हा पहिला उन्हाळा. मी विज्ञानाचा मास्तर. नोकरीची बरीच वर्षं राणीसावरगावाकडच्या एका शाळेत काढली आणि शेवटी परभणीत, रेल्वेरुळाच्या अलीकडे, दोन खोल्या आणि वर गच्ची एवढं घर बांधलं. एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला. म्हणजे आता घरात मी, फ्रिज आणि मुलीनंच मागच्या वर्षी बसवून दिलेला एसी. यातला फक्त फ्रिज अधूनमधून स्वतःहून बोलतो.

एका माणसाचा स्वयंपाक किती कठीण असतो ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. चहा तर फारच वाईट होतो. दूध जास्त पडतं, नाहीतर पाणी. पण हे मी मुलीला सांगत नाही. तिला मी सांगतो की झकास चाललंय.

एकदा फोनवर आमची चांगलीच जुंपली. ती म्हणाली, "तुम्हाला एकट्याला काय जमतं बाबा? साधी फोडणी जळते तुमची." हे खरं असल्यामुळे मला राग आला. मी काहीतरी तोडून बोललो. मग तीच म्हणाली, "यंदा कुरडया नाहीत ना. परवा बाजारातल्या तळल्या, पण त्या तशा नाहीत लागत." तिचा आवाज बारीक झाला होता. तिची आई दर उन्हाळ्यात डबा भरून कुरडया पाठवायची.

मी म्हणालो, "मी करून पाठवतो."

ती हसली. आधी बारीक आणि मग खो खो. "तुम्ही? कुरडया? बाबा, चीक शिजवताना आईचे हात भरून यायचे. बरं, करा. आणि त्या जमल्या, फुलल्या, तर मी हरले. मग पुन्हा कधी पुण्याला या म्हणणार नाही. राहा तिथंच."

"शब्द?"

"शब्द."

फोन ठेवला तेव्हा मला अगदी जिंकल्यासारखं वाटत होतं. या घरातून मला कोणी हलवू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. या घरात बायकोचा हात फिरलेला आहे. मिठाच्या बरणीवर तिच्या बोटांचे पांढरे डाग अजून आहेत. पुण्याला मुलीच्या स्वच्छ, चकचकीत स्वयंपाकघरात मी कुठे बसणार?

कुरडयांचं काम मी आयुष्यभर बघितलं होतं, केलं मात्र कधीच नव्हतं. गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, चांगला मऊ झाला की वाटून पिळून त्याचा चीक काढायचा. चीक रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि उकळत्या पाण्यात तो घाटायचा. घाटताना हात थांबला की गुठळ्या होतात. मग गरम गरमच सोऱ्यात भरून कापडावर गोल गोल पाडायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. एकदा उन्हात गेल्या की झालं, असं मला वाटायचं. ऊन तर परभणीत फुकट आहे आणि मुबलक आहे.

आमच्या गल्लीत हे काम कधी एकीनं केलं नाही. आज या घरी, उद्या त्या घरी, अशी पाळी असायची. पहाटे बायका जमायच्या, एकजण घाटायची, एकजण सोऱ्या दाबायची, आणि आम्ही पुरुष मंडळी वाटीत गरम चीक, वर दूध-साखर घेऊन खात बसायचो. दोन-तीन वर्षांपासून ती पाळी मोडली. कुणी भांडलं वगैरे नाही. एकेका घरात एसी आला, एसी आला की दार बंद ठेवावं लागतं, आणि बंद दार वाजवायला माणूस कचरतो. आता एकेक घर आपापल्या गारव्यात बसलेलं असतं आणि कुरडया तयार मिळतात.

हरितगृह परिणाम हा धडा मी शाळेत दरवर्षी शिकवायचो, तो लोणच्याच्या बरणीवर. घरची काचेची बरणी पिशवीत घालून न्यायचो. मैदानात दोन तापमापी ठेवायच्या, एक उघड्यावर आणि एक बरणी पालथी घालून तिच्या आत. थोड्या वेळानं पोरांना वाचायला लावायचं. बरणीतला पारा नेहमी वर चढलेला असायचा. पोरांना तेवढ्यावर पटायचं. मग मी सांगायचो की ऊन काचेतून आत येतं, पण आतली तापलेली हवा बाहेर पडत नाही. पृथ्वीभोवती अर्थातच काच नाही. तिथं हवेतले काही वायू हे काम करतात, जमिनीतून निघालेली उष्णता शोषून घेतात आणि त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात. ते वायू मुळीच नसते तर आपण गोठून गेलो असतो. म्हणजे थंडीत एक गोधडी लागतेच. पण आपण कोळसा जाळतो, पेट्रोल जाळतो, उसाचं पाचट जाळतो, झाडं तोडतो, आणि एकावर एक गोधड्या टाकत जातो, गोधड्यांखालचा माणूस घामाघूम झाला तरी. पोरं हसायची. बरणीला कितीही घासलं तरी लोणच्याचा वास जायचा नाही, त्यालाही हसायची.

एकदा मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "सर, मंग तुमची फटफटी?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसलो. म्हणालो, "माझ्या एकट्याच्या फटफटीनं काय होतंय गं! बस खाली." घरी येऊन बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पोरगी बराबर बोलली. आन् ती बरणी आदी जाग्यावर ठिवा."

तर मी गहू भिजत घातला. शेजारच्या वहिनींना विचारत विचारत. आमच्या घराला त्यांची भिंत लागून आहे. नवरा-बायको दोघंही कचेरीतून निवृत्त झालेले, घर भरलेलं, मुलगा पुण्याला नोकरीला. तो चौदा एप्रिलच्या जयंतीला घरी यायचा होता आणि परत जाताना माझा डबा मुलीकडे पोचवणार होता. दर जयंतीला त्यांच्याकडून खीर येते आणि संक्रांतीला आमच्याकडून तिळाच्या पोळ्या जायच्या. यंदा संक्रांतीला मी दुकानातली चिक्की नेऊन दिली होती. वहिनींनी ती अगदी पोळ्या घ्याव्यात तशी दोन्ही हातांनी घेतली.

चीक घाटताना माझ्या नाकी नऊ आले. गुठळ्या झाल्या, त्या मी पळीनं ठेचल्या. गॅसपुढे उभं राहून घाम डोळ्यांत उतरला. तरी सकाळच्या पहिल्या उन्हात गच्चीवर बायकोचं जुनं सुती लुगडं अंथरलं आणि सोऱ्यानं कुरडया पाडल्या. गोल कमी आणि लांबोडक्याच जास्त. पण लुगडं भरत गेलं तसा मला भलताच आनंद झाला. मी चक्क कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि कोणाला तरी दाखवावं म्हणून मागे वळलो. मागे पाण्याची टाकी होती.

दुपारच्या सुमारास आभाळ भरून आलं. आता चैत्रात हे ठरलेलंच झालंय. मध्येच काळं करून येतं, कधी गाराही पडतात, आणि आंब्याचा मोहर, ज्वारीची कणसं, लोकांचं वाळवण, सगळं मातीत घालून जातं. भिंतीपलीकडून वहिनींची हाक आली.

"सर, लय आभाळ आलंय वो! झाका ते. कागद हाय का तुमच्याकडं?"

माझ्याकडे नव्हता. त्यांच्याकडे होता. चुडावा गावाकडे त्यांच्या भावाचं पॉलिहाऊस आहे, आत ढोबळी मिरची लावतो. त्याच्या छपराचा उरलेला पारदर्शक कागद त्यांनी भिंतीवरून सरकवला. जाड, मजबूत, आरपार दिसणारा. "ह्याच्यातून थेंब जायचा न्हाई," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मी तो कुरडयांवर पसरला. वारा सुटला होता, म्हणून चारी बाजूंनी विटा लावल्या, फटी राहिल्या तिथं आणखी विटा लावल्या. धूळसुद्धा जाणार नाही असा बंदोबस्त केला. मग खाली आलो, एसी लावला आणि मोठं काम झाल्याच्या समाधानात आडवा झालो.

पाऊस काही आला नाही. उठून बघतो तर बाहेर पांढरंफटक ऊन. वर गेलो. कागदाच्या आतून सगळीकडे थेंब लोंबत होते. विटा काढून कागद उचलला तशी आतून एवढी गरम वाफ तोंडावर आली की मी मागे सरलो. कुरडया घामानं भिजून, एकमेकींत विरघळून, लुगड्याला चिकटून बसल्या होत्या. आंबट वास सुटला होता.

ढोबळी मिरचीचं हरितगृह मी कुरडयांवर बांधलं होतं. आयुष्यभर ज्या बरणीवर मी पोरांना शिकवलं, तीच बरणी स्वतःच्या हातानं पालथी घालून, फटी लिंपून, खाली निवांत झोपलो होतो. मला आधी हसू फुटलं. एकटाच मोठमोठ्यानं हसलो. हसता हसता लुगडं गोळा करायला वाकलो आणि चिकाचे लगदे त्यावरून खरवडताना ते जागोजाग फाटत गेलं, जुनंच होतं. तेव्हा मात्र मी तिथंच तापलेल्या फरशीवर बसलो आणि रडलो. बायको वारल्यानंतरच्या दिवसांतही मी असा रडलो नव्हतो, कारण तेव्हा घरात माणसं होती.

संध्याकाळी मुलीनं विचारलं, "काय, कुठवर आलं?"

"चालू आहे," मी म्हणालो.

बायको वाळवण कधी झाकून जायची नाही. ती तिथंच बसायची. जिन्याच्या खोलीची जी काय सावली पडते तिच्यात, हातात कावळ्यांसाठी काठी, आणि सोबतीला गल्लीतली कोणी ना कोणी. आभाळ आलं की दोघी चारी टोकं धरून लुगडं आत न्यायच्या, गेलं की परत बाहेर. मी खालून ओरडायचो, "आज चहा मिळणार आहे का?" मला वाटायचं, बायकांना बसायला निमित्त हवं असतं. निमित्त हवं असायचंच त्यांना, त्यात खोटं काही नाही. पण लुगड्याची चार टोकं धरायला दोन माणसं लागतात, हे मी एकटा दोन टोकं धरून बघितल्यावर कळलं.

मी पुन्हा गहू भिजत घातला.

त्या आठवड्यात उन्हानं कहर केला. खरं सांगायचं तर उन्हाचं मला काही वाटत नाही, ऊन आम्हाला पूर्वीपासून आहे. परभणीचा माणूस दुपारी कांदा खिशात घालून हिंडतो आणि संध्याकाळी अंगणात पाणी मारून त्याच उन्हाच्या गप्पा मारतो. बदललंय ते नंतरचं. पूर्वी सूर्य गेला की तासाभरात जमीन सुस्कारा सोडायची, पहाटे पांघरूण ओढावं लागायचं. आता पहाटेसुद्धा गच्चीची फरशी तळव्यांना कोमट लागते. टाकीतलं पाणी सकाळी अंघोळीला तयार. दिवसभर आलेली उष्णता रात्री वर निघून जायची तीच आता निघत नाही, हे मी फळ्यावर बाण काढून शिकवलेलं आहे. खडूनं काढलेल्या बाणाचे चटके बसत नाहीत, एवढाच फरक.

वहिनींचा मुलगा आला, जयंती झाली, खीर आली. दोन दिवसांनी तो परत जाणार होता. माझ्या दुसऱ्या कुरडया जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडल्या होत्या. या वेळी गुठळ्या नव्हत्या आणि आकारही कुरडईचा होता. पहिला दिवस मी जिन्याच्या सावलीत काठी घेऊन बसून काढला. एकही कावळा आला नाही. एवढ्या उन्हात कावळेसुद्धा बाहेर पडत नसावेत. दिवसभर कोणाशी एक शब्द बोललो नाही, म्हणजे कुरडयांशी बोललो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेच ढगाळ. ऊन नाही, वारा नाही, नुसती दमट घुसमट. आभाळ झाकणासारखं खाली आलेलं. कुरडया वरून कडक वाटत होत्या पण मोडली की आत ओल. अशाच डब्यात भरल्या असत्या तर पुण्याला पोचेपर्यंत बुरशी धरली असती. आणि मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघणार होता. मी गच्चीवर नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

"काय करायलात सर?" वहिनी भिंतीवरून बघत होत्या.

"ऊन नाही हो वहिनी. वाळेनात."

"आता उनाची वाट कशाला बगायची? एसी लावून द्या की वो."

मला कळेना. त्यांनी बोट दाखवलं. त्यांच्या गच्चीवर कठड्याला एसीचा बाहेरचा डबा बसवलेला होता, त्यातून पंखा गरगर गरम वारा फेकत होता, आणि त्यापुढे खुर्चीवर एका परातीत शेवया पसरलेल्या होत्या. वर मलमलचं फडकं.

"म्या तं यंदा समदं असंच वाळवलं. सांडगे, शेवया, समदं. मागून लय गरम वारं निघतंय. घटकाभरात खुळखुळ वाजायलेत बगा."

मी तोंड वासून बघत राहिलो. माझ्याही गच्चीवर तसाच डबा आहे, खालच्या खोलीचा.

आता माझं कसं आहे, मला एखादी गोष्ट आतून माहीत असली की ती माहीत नसल्यासारखं करता येत नाही. एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो आणि त्या हमालीत स्वतःची उष्णता वर घालतो. त्या हमालीला वीज लागते आणि आमच्याकडची बरीचशी वीज अजून कोळशातूनच येते. कोळशाच्या वाघिणी तर आमच्या घरामागूनच परळीकडे जातात, मोजायचा कंटाळा येईल एवढी लांब गाडी. म्हणजे ज्या धुरानं चैत्राचं हे असं करून ठेवलं, त्या धुरात आणखी भर घालून मी चैत्राच्या तडाख्यातून कुरडया वाचवायच्या. हा प्रश्न मी परीक्षेत विचारला असता तर पोरांनी बरोबर उत्तर लिहिलं असतं.

मी खाली गेलो. खोलीच्या खिडक्या लावल्या, एसी सगळ्यात थंडावर केला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. माझ्या एकट्याच्या एसीनं काय होतंय, असं मनात म्हटलंसुद्धा. पण त्या पोरीच्या वर्गात म्हटलं होतं तसं ते हसत निघालं नाही.

गच्चीवर बायकोची विणलेली बाज डब्यापुढे ओढली, तिच्यावर कुरडया पसरल्या, वरून उपरणं टाकलं. वारा एवढा की उपरणं उडायला लागलं. एक बाजू बाजेला बांधली आणि दुसरी धरून मी शेजारी बसलो. उठायची सोय नव्हती. दिवसभर तो गरम वारा अंगावर घेत बसलो. खाली माझी खोली रिकामी गार होत होती.

मध्ये पाणी प्यायला खाली गेलो तेव्हा सहज दार उघडलं. काय गारवा होता! पडदे ओढलेले, पलंगावर चादर सुरकुतीसुद्धा न पडता तशीच, आणि कोणी नाही. माझा घाम एकदम थंड झाला. पलंगाच्या तिच्या बाजूला जाऊन थोडा वेळ बसावं असं वाटलं, पण मला तिथं बसवेना. उन्हाळ्यात ती पदरानं वारा घेत म्हणायची, "एक दिवस तरी गार खोलीत पडून राहीन बगा." एसी बसला त्यानंतर फार दिवस ती राहिली नाही. मला फार एकटं वाटलं. एवढं की मी दार लावून जिना चढून परत त्या गरम वाऱ्यात येऊन बसलो, तिथं निदान काम होतं.

गच्चीवरून आमची सगळी वसाहत दिसते. जवळजवळ प्रत्येक घराला एक डबा, आणि प्रत्येक डबा आपल्या घरातलं ऊन काढून गल्लीत फेकत असलेला. मी एकेकाचा हिशेब मांडत बसलो. त्या पलीकडच्या घरात बाळंतीण आहे. कोपऱ्यावर अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. समोर परीक्षेचा अभ्यास चाललाय. माझ्याकडे कुरडया आहेत. कोणाच्या मनात पाप नाही. जो तो आपल्या माणसासाठीच करतोय, आणि सगळ्यांचं मिळून ते बाहेर साचतंय. वर्गात मी माणूस म्हणजे कुणी तरी हावरट, बेफिकीर प्राणी असल्यासारखं शिकवायचो. तो माणूस उपरण्याचं टोक धरून मुलीच्या डब्यासाठी बसलेला असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

आणि तिथंच, पाठ भाजत असताना, माझा हट्ट गळून पडला. कशासाठी राहायचंय मला इथं? गल्ली दारं लावून बसलीय. मिठाच्या बरणीवरचे डाग पुण्यालाही नेता येतील, बरणीच न्यायची की. दिवसभरात मला कोणी हाक मारली ती भिंतीवरून, आणि तीही आभाळ आल्यावर. मी मनाशी ठरवलं. पोरीनं आता एकदा, फक्त एकदा, या म्हटलं की जायचं. थोडे आढेवेढे घ्यायचे, ऊन मला ओळखतं वगैरे म्हणायचं, आणि जायचं.

संध्याकाळपर्यंत कुरडया खुळखुळ वाजायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा मुलगा डबा न्यायला आला तेव्हा मी त्याला स्टूलवर चढवून माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून घेतली. "कुठं निघालात काका?" त्यानं विचारलं.

"कुठं नाही. झटकून ठेवतो जरा," मी म्हणालो.

बॅगेत मी दोन धोतरं, स्वेटर आणि मिठाची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून घातली. पुण्याला थंडी असते म्हणून स्वेटर. म्हणजे थंडीपर्यंतचा विचार मी केला होता.

डबा पोचल्यावरचा मुलीचा फोन रविवारी आला. आधी नुसता तेलाचा चुरचुर आवाज. तिनं फोन कढईजवळ धरला होता.

"बाबा, ऐकू येतंय? फुलल्या! अहो, कढईभर फुलल्या! चव तर... बाबा, अगदी आईच्या हातची." ती रडत होती की हसत होती कळत नव्हतं. मी म्हणालो, "मीठ बरोबर आहे ना?"

"सगळं बरोबर आहे." तिनं नाक ओढलं. "मी उगाच तुमच्या मागं लागले होते. इथं मी रोज घाबरायचे, की बाबांचं एकट्याचं कसं होत असेल. आणि तुम्ही एवढ्या उन्हात कुरडया करताय! जमतं तुम्हाला सगळं. मी हरले. आता पुण्याला या म्हणून कधी म्हणणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

मी थांबलो. बोलायचं होतं ते तोंडापर्यंत आलं होतं. तीही थांबली होती, पण ती मी खूश होऊन काही म्हणावं म्हणून.

"मग! सांगितलं होतं ना तुला," मी म्हणालो.

"हो हो, सांगितलं होतं. ऊन ओळखतं तुम्हाला," ती हसली. "पण दुपारी एसी लावून पडत जा. बिलाचा विचार करू नका."

"लावतो की. परवाच दिवसभर लावला होता."

फोन ठेवल्यावर मी बरणी बॅगेतून काढून परत जागेवर ठेवली. धोतरं घडी करून कपाटात ठेवली, स्वेटरही ठेवला. बॅग तेवढी माळ्यावर जाईना. माझा हात पुरत नाही आणि स्टूल डुगडुगतं, ते खालून कोणीतरी धरावं लागतं. बॅग अजून पलंगावरच आहे, बायकोच्या बाजूला.